न्यूट्रल पडंना

सकाळी साडेनऊ. शटर वर केलं तर बुलेट दारातच उभी. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या, म्हणजे जुनीच. मास्तर पायरीवर बसलेले.

"आण्णा, सिग्नलला न्यूट्रल पडंना झालंय. परवाच नव्या प्लेटा घातल्यात."

क्लच बिघडला की गिऱ्हाईक प्लेटाच मागतं, आणि दुकानदारही प्लेटाच विकतो.

दहा. काही न उघडता आधी चालवली. क्लच दाबून पहिला टाकला की खाडकन आवाज, आणि गाडी पुढं रेटते. म्हणजे क्लच सुटत नाही. घसरणारा क्लच निराळा: तिथं इंजिन ओरडतं आणि गाडी चढ घेत नाही. एकाचं औषध दुसऱ्याला विष. लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर मोकळी चाल लागते, ती होती. केबल बिचारी निर्दोष.

साडेदहा. डावा फूटरेस्ट काढला, ब्रेक बाजूला केला, खाली ट्रे सरकवला. चेनकेसचं झाकण मधल्या एकाच नटावर. ऑइल गळतं म्हणून लोक पान्याला पाइप लावून तो आवळतात; झाकण वाकतं आणि जास्तच गळतं.

प्लेटांना हात लावायच्या आधी हाताखालच्या पोराला क्लच दाबून धरायला लावलं आणि किक हातानं हळूहळू फिरवली. प्रेशर प्लेट सरळ उचलायच्या जागी डुलायला लागली. एका बाजूला फट, दुसरीकडं चिकटलेली. मग तिन्ही स्प्रिंगा काढून काचेवर उभ्या केल्या. दोन सारख्या, तिसरी त्यांच्यापेक्षा ज्वारीच्या दाण्याएवढी जास्त उंच. त्या बाजूला जोर जास्त, म्हणून प्लेट तिथं सुटत नव्हती.

असं होतं कसं? मद्रासला १९५५ साली एन्फिल्ड इंडिया उभी राहिली, आणि बुलेटचा मूळ ढाचा त्यानंतर कित्येक दशकं फारसा हलला नाही. त्यामुळं एका जमान्याचा भाग दुसऱ्या जमान्याच्या गाडीला बसतो. बसतो म्हणून लावतात. कुणीतरी मोडलेली एकच स्प्रिंग बदलली होती. भांडी घासताना एक फुटलं म्हणून सगळा सेट कोण बदलतं?

दोन. डबा खाल्ला.

अडीच. ड्रमच्या खाचांच्या कडा बोटानं चाचपल्या. प्लेटांचे कान आपटून आपटून तिथं बारीक घरं पडलेली. क्लच दाबला तरी कान त्यात अडकणार. कानस घेतली. हे काम घाईचं नाही. जास्त घासलं तर कान सैल होऊन खडखडतात. घर गेलं की थांबायचं. स्टीलची एक प्लेट काचेवर डुगडुगत होती. ती उद्यमनगरातून बदलून आणली. मास्तरांच्या नव्या प्लेटा चांगल्या होत्या, त्याच परत घातल्या.

पाच. एकाच सेटातल्या तीन स्प्रिंगा, नवं ऑइल. पुन्हा किक फिरवली. प्लेट सरळ उठली.

सहा. मास्तर मागं बसले. दाभोळकर कॉर्नरला सिग्नल लाल. पहिला वर असतो, तिथनं अर्धा खाली दाबला. या गाडीला न्यूट्रलचा दिवा नाही. लिव्हर सोडल्यावरच खरं कळतं. सोडली. गाडी जागेवर धडधडत उभी.

"मग प्लेटांचं पैसं वायाच की," मागनं आवाज आला.

परत आलो तर चेनकेसखाली ऑइलचा एक थेंब. पोरगं पाइप घेऊन आलंच होतं. "ठेव तो," म्हटलं, "पुसून घे. सकाळी बघू."