प्रयोग ऐकताना कोणता स्कोअर घ्यावा?

ऑपेराचा अभ्यासक पुष्कळदा प्रयोगाला जाताना मुद्रित स्वरलेखन, म्हणजेच स्कोअर, बरोबर नेतो. तो कोणता असावा, हा प्रश्न वरकरणी केवळ सोयीचा वाटतो. वस्तुतः त्यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत : स्कोअर कोणत्या प्रकारचा असावा, आणि कृतीच्या कोणत्या पाठाचा असावा. पहिल्याचा संबंध वाचनाशी आहे, दुसऱ्याचा पाठचिकित्सेशी. मोत्सार्टच्या ‘डॉन जोव्हानी’च्या आधारे दोहोंचा विचार येथे करावयाचा आहे.

पूर्ण स्कोअरमध्ये प्रत्येक वाद्यासाठी वेगळी ओळ असते. गायन-स्कोअरमध्ये गायकांच्या ओळी तशाच ठेवून सर्व वाद्यवृंद पियानोच्या दोन ओळींत आटोपलेला असतो. द्रुत लयीच्या समूहगीतात पूर्ण स्कोअरच्या एका पानावर मोजकीच आवर्तने मावतात. पाने भराभर उलटावी लागतात आणि एकदा स्थान चुकले की अंधुक प्रकाशात ते पुन्हा सापडणे कठीण होते. गायन-स्कोअरमध्ये गायकाचे शब्दच वाचकाला वाट दाखवितात. म्हणून प्रेक्षागृहात सामान्यतः गायन-स्कोअरच श्रेयस्कर होय.

तथापि या सोयीची किंमत मोजावी लागते. ‘डॉन जोव्हानी’च्या पहिल्या अंकाच्या अखेरीस रंगमंचावरील तीन वाद्यमेळ एकाच वेळी तीन भिन्न नृत्ये वाजवितात : मिन्युएट ३/४ मध्ये, काँट्रादान्स २/४ मध्ये आणि जर्मन नृत्य ३/८ मध्ये. उमराव, मध्यमवर्गीय आणि खेडूत यांच्या नृत्यांची ही गुंफण पियानोच्या दोन ओळींत नीट दिसत नाही. असे भाग पूर्ण स्कोअरमध्ये घरी आधीच वाचून ठेवावेत.

आता पाठाचा प्रश्न. ही कृती २९ ऑक्टोबर १७८७ रोजी प्रागमध्ये प्रथम सादर झाली. ७ मे १७८८ रोजी ती व्हिएन्नात आली, तेव्हा मोत्सार्टने तीत फेरफार केले. तेथील टेनर गायक मोरेल्ला याच्यासाठी ‘इल मिओ तेझोरो’ हे दुसऱ्या अंकातील गीत वगळून पहिल्या अंकात ‘दाल्ला सुआ पाचे’ घातले. एल्व्हिराच्या भूमिकेतील काव्हालिएरी हिच्यासाठी ‘मी त्रादी’ रचले. त्सेर्लिना आणि लेपोरेल्लो यांचे एक युगुलगीतही जोडले. पुढील काळात दोन्ही पाठांतील लोकप्रिय गीते एकत्र गाण्याची प्रथा रूढ झाली. एकोणिसाव्या शतकात तर शेवटचे षड्गीत गाळण्याची रीत होती. म्हणजे आज रंगमंचावर जे ऐकू येते, ते बहुधा १७८७ चेही नसते आणि १७८८ चेही नसते.

याचा परिणाम प्रत्यक्ष निष्कर्षांवर होतो. केवळ प्राग-पाठ हाती असलेला विद्यार्थी ‘दाल्ला सुआ पाचे’ला दिग्दर्शकाची भर समजेल, मिश्र आवृत्ती वाचणारा दुसरा विद्यार्थी प्राग-पाठाच्या निष्ठावंत प्रयोगात काटछाट झाली, असे लिहून ठेवील. दोघांचे कान बरोबर असूनही दोघांची नोंद चुकीची ठरेल. म्हणून खरेदीपूर्वी व्हिएन्नाची गीते मूळ क्रमात छापली आहेत की परिशिष्टात, हे पाहून घ्यावे. मोत्सार्टच्या नव्या समग्र आवृत्तीतील या कृतीचा खंड १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. ही आवृत्ती आता संगणकावर विनामूल्य पाहता येते. तीवरून हाती असलेला स्कोअर ताडून घेणे सुलभ झाले आहे.

बिझेच्या ‘कार्मेन’मध्ये पाठभेद याहून तीव्र आहे. ३ मार्च १८७५ च्या पॅरिस येथील पहिल्या प्रयोगात गीतांमधील संवाद बोलले गेले. जून महिन्यात बिझेचे निधन झाले आणि त्याच वर्षी व्हिएन्नातील प्रयोगासाठी गिरो याने त्या जागी गेय संवाद रचले. ओझरने १९६४ मध्ये सिद्ध केलेल्या आवृत्तीत गाळलेले कित्येक भाग परत आले. परंतु ते बिझेने स्वतःच विचारपूर्वक गाळले होते काय, हा वाद तिच्याबरोबरच सुरू झाला.

सारांश, सर्वांत मोठा किंवा सर्वांत नवा स्कोअर तोच योग्य, असे नव्हे. प्रयोग कोणत्या आवृत्तीवर आधारलेला आहे, हे प्रयोगपत्रिकेवरून आधी जाणून घ्यावे. त्या पाठाचा गायन-स्कोअर बरोबर न्यावा. आणि गाळलेल्या वा हलविलेल्या जागा पेन्सिलीने तारखेसह नोंदवाव्यात. असा खुणा केलेला स्कोअर पुढे त्या प्रयोगाच्या इतिहासाचे साधन होऊ शकतो.