कबड्डीतील नियमभंग व पंचनिर्णय

कबड्डीच्या सामन्यात नियमाबाहेरचे कोणते वर्तन पंचांनी अडवावे व कितपत कठोरपणे अडवावे, यासंबंधीचे नियम व प्रघात. अंगस्पर्शाच्या सर्वच खेळांत हा प्रश्न उद्‌भवतो. बास्केटबॉलसाठी जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये तयार केलेल्या मूळ १३ नियमांतच प्रतिस्पर्ध्याला खांद्याने रेटणे, धरणे किंवा ढकलणे हा नियमभंग ठरविला होता. तेथे स्पर्श हाच तत्त्वतः दोष होय व त्यातील कितपत खपवून घ्यावयाचा, एवढेच पंचाच्या हाती असते. कबड्डीत याच्या उलट पकड हाच खेळ आहे. त्यामुळे पकड झाली की नाही, यापेक्षा ती शरीराच्या कोणत्या भागावर व कशी झाली, हे पंचाला पाहावे लागते.

चढाईपटूला हातपाय व धड यांनाच धरता येते. त्याचे केस वा कपडे पकडणे, पायांची कैची घालणे, तोंड दाबून त्याचा दम तोडणे ही कृत्ये निषिद्ध असून अशा पकडीने चढाईपटू बाद होत नाही. त्याला हेतुपुरस्सर सीमारेषेबाहेर ढकलल्यास ढकलणारा बाद ठरतो. हे नियमभंग डोळ्यांना दिसतात. परंतु कबड्डीतील सर्वांत जुना नियम कानांनी पारखण्याचा आहे. चढाईपटूने प्रतिपक्षाच्या अंगणात शिरण्यापूर्वी ‘कबड्डी’ या शब्दाचा उच्चार सुरू केला पाहिजे व एकाच श्वासात तो स्पष्टपणे चालू ठेवला पाहिजे. उच्चार उशिरा सुरू झाल्यास पंच त्याला परत बोलावतो आणि प्रतिपक्षाला तांत्रिक गुण व चढाईची संधी मिळते. दम केव्हा तुटला, हे मात्र प्रेक्षकांच्या गोंगाटात, मैदानाच्या कडेने धावणाऱ्या पंचाने ठरवावयाचे असते. खेळातील निम्म्या तंट्यांचे मूळ येथेच होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

महाराष्ट्रात हुतूतू या नावाने हा खेळ गावोगाव खेळला जाई. नियम मात्र जागोजाग भिन्न होते. कोठे बाद झालेला गडी पुन्हा उठे, तर कोठे तो डाव संपेपर्यंत बाहेरच राही. १९२३ मध्ये नियम एकत्रित करण्याचा प्रयत्न झाला. पुढे १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला आणि १९९० मध्ये बीजिंग येथील आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीला पदकांच्या खेळाचे स्थान मिळाले. मातीच्या जागी मॅट आली, रेषा सुस्पष्ट झाल्या आणि सरपंच, दोन पंच, गुणलेखक व त्याचे साहाय्यक अशी पंचमंडळाची रचना स्थिरावली.

पंचगिरीच्या कठोरपणाला खरे वळण मिळाले ते २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीग या व्यावसायिक स्पर्धेमुळे. तीत प्रत्येक चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आहे. लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्यास संघाची तिसरी चढाई ‘करा किंवा मरा’ ठरते व तीत गुण न मिळविणारा चढाईपटू बाद होतो. गैरवर्तनासाठी हिरवे कार्ड ही ताकीद असते. पिवळ्या कार्डाने खेळाडूला दोन मिनिटे बाहेर बसावे लागते, तर लाल कार्डाने तो सामन्यालाच मुकतो. शंकास्पद निर्णयाची चित्रफीत पाहून फेरतपासणी मागण्याची मर्यादित मुभाही संघांना आहे. थोडक्यात, चढाईची लांबी जी पूर्वी फुप्फुसांवर अवलंबून होती, ती आता घड्याळाच्या हाती गेली. ‘कबड्डी’चा उच्चार अनिवार्यच राहिला आहे, मात्र घड्याळ जितके काटेकोरपणे पाहिले जाते, तितक्या काटेकोरपणे दम ऐकला जातो, असे म्हणता येत नाही. जुन्या खेळाडूंना हे खटकावे, यात नवल नाही.

नियमांची अंमलबजावणी बदलली की खेळ बदलतो, याचे उदाहरण अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये आढळते. तेथे २००४–०५ च्या हंगामापासून बास्केटपासून दूर चेंडू खेळविणाऱ्याला हाताने अडविणे कठोरपणे दंडनीय मानले जाऊ लागले. चपळ खेळाडूंना मोकळीक मिळाली व सरासरी गुणसंख्या वाढली. पुढे खेळाडू मुद्दाम अंगाशी भिडून दंड मिळवू लागले, तेव्हा २०२१–२२ मध्ये अशा अनैसर्गिक हालचालींना दंडाचा लाभ न देण्याची सूचना पंचांना देण्यात आली.

कबड्डीपुढील अडचण निराळी आहे. तीत नियमपुस्तकच एक राहिलेले नाही. मैदानाच्या दोन्ही बाजूंना असलेले राखीव क्षेत्र स्पर्श झाल्यानंतरच खेळात धरले जाते. तत्पूर्वी चढाईपटू तेथे शिरला, तर जुन्या नियमानुसार त्याच्यामागे शिरलेले बचावपटूही बाद. व्यावसायिक स्पर्धेतील नियमानुसार केवळ चढाईपटू बाद. हांगजो आशियाई क्रीडास्पर्धांतील भारत-इराण अंतिम सामन्यात (७ ऑक्टोबर २०२३) २८–२८ अशी बरोबरी असता भारताचा कर्णधार पवन सेहरावत याच्या ‘करा किंवा मरा’ चढाईत नेमका हाच प्रसंग उद्‌भवला. पंचांचे निर्णय वारंवार फिरले, दोन्ही संघ मैदानात बसून राहिले आणि खेळ जवळजवळ तासभर खोळंबला. अखेर भारताच्या बाजूने गुण देण्यात आले व भारताने सामना ३३–२९ असा जिंकला. अस्लम इनामदार व आकाश शिंदे हे महाराष्ट्राचे खेळाडू त्या संघात होते. विजय मिळाला तरी एवढ्या मोठ्या सामन्यात कोणता नियम लागू आहे, याचीच निश्चिती नसावी, हे खेळाच्या प्रतिष्ठेला शोभणारे नव्हते.

परभणी जिल्ह्यातील पूर्णेसारख्या तालुक्याच्या गावी मातीच्या मैदानावर खेळताना चित्रफितीचा आधार नसतो. तेथे पंचाचा शब्द हाच शेवटचा. दूरचित्रवाणीवर सामने पाहून वाढलेली मुले व्यावसायिक नियम गृहीत धरून उतरतात, तर स्थानिक पंच आपण शिकलेल्या नियमांवर निर्णय देतात. म्हणून राखीव क्षेत्र, चढाईची मुदत व तिसरी चढाई यांविषयी कोणता नियम पाळावयाचा, हे नाणेफेकीपूर्वीच दोन्ही कर्णधारांना सांगणे इष्ट ठरते.