डोक्यावर ट्यूबलाइट असूनही सुताराला रेघ का दिसत नाही?

नांदेड जिल्ह्यात सागवानाचा विषय निघाला की किनवट आणि माहूर ही दोन नावं आधी येतात. रेणुकामातेचं ठाणं म्हणून माहूर अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण गडावरून खाली नजर टाकली की जे जंगल पसरलेलं दिसतं, त्यात सागाचा वाटा मोठा आहे. साहजिकच चौकटी, दारं, दिवाण, देव्हारे करणारे सुतार या पट्ट्याला नवे नाहीत.

आता अशा एखाद्या दुकानाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. पत्र्याची शेड, समोर शटर, मागच्या भिंतीला टेकवलेलं कामाचं टेबल आणि शेडच्या मधोमध आढ्याला एक ट्यूबलाइट. सुतार टेबलाकडे तोंड करून उभा राहतो तेव्हा ट्यूब त्याच्या पाठीमागे असते. तो कामावर वाकला की त्याच्याच डोक्याची आणि खांद्याची सावली नेमकी पटाशीच्या टोकावर पडते. पेन्सिलीची रेघ तिथेच, आणि अंधारही तिथेच.

मग काय होतं? उजेड कमी पडतोय असं समजून जास्त वॅटचा बल्ब आणला जातो आणि त्याच जागी लावला जातो. सावली काही हलत नाही. भोवतीचा भाग मात्र आणखी झगमगतो आणि सावलीतली रेघ त्यापुढे अजूनच फिकी वाटते. दोन-तीनशे रुपये जातात, त्रास तसाच राहतो.

ही अडचण इतकी वाढली कधीपासून?

पूर्वी सुतार ओसरीवर नाहीतर झाडाखाली बसून काम करायचा. लाकूड पायाच्या पंजात धरायचं आणि रंधा, वाकस, करवत हातानं चालवायची. उजेड आभाळातून, चहूबाजूंनी यायचा, त्यामुळे गडद सावली पडायचीच नाही. भर दुपारी झाडाच्या सावलीतही साधारण १०,००० लक्स उजेड असतो. (लक्स म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर किती उजेड पडतो ते मोजायचं एकक.) रात्री घरातल्या खोलीत तोच आकडा बहुधा शंभर-दीडशेच्या घरात असतो. डोळा लगेच जुळवून घेतो, म्हणून एवढा मोठा फरक आपल्याला जाणवत नाही.

मशीन आली आणि काम प्लगच्या मागे आत गेलं. कटर, राउटर, रंधा मशीन आता तालुक्याच्या गावीही सहज मिळतात. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतारकाम त्यातलंच एक, आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. हत्यारं बदलली, कामाचा वेग वाढला. हाताची करवत रेघ सोडून गेली तर दोन-तीन ओढींत लक्षात येतं. कटर तेवढ्याच वेळात अख्खी फळी कापून मोकळा झालेला असतो. बोट मध्ये आलं तर त्याचाही हिशोब तितक्याच वेळात होतो.

किती उजेड पुरे?

युरोपीय देशांच्या मानकात सुताराच्या टेबलावरच्या कामाला, म्हणजे जोडणी आणि चिकटवणं यांना, ३०० लक्स सांगितले आहेत. लाकूडकामाच्या मशीनवर ५०० आणि पॉलिश, रंग व नक्षीच्या कामाला ७५०. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम १७ उजेडाविषयीच होतं. पुरेसा आणि योग्य प्रकाश तर हवाच, शिवाय डोळे दिपू नयेत आणि डोळ्यांवर ताण येईल किंवा अपघात होईल अशी सावली पडू नये, असं त्यात म्हटलं होतं. सावलीचा प्रश्न पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या कायद्यालाही कळला होता! अर्थात दोन माणसांच्या दुकानाला हा कायदा लागू होत नव्हता.

आता हिशोब. २० वॅटच्या एलईडी ट्यूबमधून साधारण २,००० ल्युमेन प्रकाश बाहेर पडतो. दहा बाय बारा फुटांची शेड म्हणजे ११ चौरस मीटर. सगळा उजेड जमिनीवर सारखा पसरला तरी १८० लक्स होतात. काळपट भिंती, गंजलेला पत्रा आणि ट्यूबवरचा भुसा यांत निम्मा तरी जातोच. उरतात जेमतेम ९०. तीच ट्यूब टेबलावर तीन-सव्वातीन फुटांच्या उंचीवर आणली, तर तिच्या बरोबर खाली ५०० लक्सच्या आसपास उजेड मिळू शकतो. वीज तेवढीच, ट्यूब तीच. अंतर दुप्पट झालं की बल्बसारख्या छोट्या दिव्याचा उजेड चौथाईवर येतो. लांब ट्यूबचा उतार जवळून थोडा सौम्य असतो, पण गोष्ट तीच.

वयाचाही यात मोठा वाटा आहे. साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर पडतं. दुकानात शिकाऊ पोरगा "दिसतंय की काका" म्हणतो आणि मिस्त्री चष्मा पुसत राहतात. दोघंही खरंच बोलत असतात.

मग दिवा लावायचा कुठे?

भिंतीला टेकलेलं टेबल असेल तर ट्यूब माणसाच्या पुढे हवी, मागे नको. ती टेबलाच्या मध्यावर किंवा किंचित भिंतीकडे, टेबलाच्या लांबीला समांतर टांगा. लांब ट्यूबची सावली मऊ पडते, कारण एका टोकाचा उजेड हातानं अडला तरी दुसऱ्या टोकाचा येत राहतो. एका बल्बची सावली मात्र सुरीसारखी. म्हणून ४० वॅटच्या एका बल्बपेक्षा २० वॅटच्या दोन ट्यूब केव्हाही बऱ्या. टेबल शेडच्या मध्ये असेल आणि माणूस चारी बाजूंनी फिरून काम करत असेल, तर दोन्ही बाजूंना एकेक ट्यूब लावली की एकीची सावली दुसरी खोडते.

उंचीची मात्र एक अडचण आहे आणि ती रील्समध्ये कुणी दाखवत नाही. तिथल्या चकचकीत वर्कशॉपमध्ये दिवे सुंदर खाली टांगलेले असतात, कारण तिथे बहुतेक वेळा छोटी खोकी बनत असतात. चौकटीचा सात फुटी उभा उचलून फिरवायचा असेल, तर साडेसहा फुटांवरची ट्यूब आठवडाभरही टिकणार नाही. अशा ठिकाणी ट्यूब आठ फुटांवर न्यावी आणि एकाऐवजी दोन-तीन लावाव्यात. काचेऐवजी प्लास्टिकच्या बॉडीची पट्टी घ्यावी. मग बारीक कामापुरता उजेड वाकत्या मानेच्या टेबल लॅम्पनं आणावा.

हा लॅम्प कुठल्या बाजूला? उजव्या हातानं काम करणाऱ्यानं डावीकडे, डावखुऱ्यानं उजवीकडे. शाळेत वही लिहिताना खिडकी डावीकडे असावी असं सांगायचे, त्यामागे हेच कारण. लॅम्प उजवीकडे ठेवला तर हाताची आणि करवतीची सावली रेघेवरच पडते.

दिवा उघडा डोळ्यांसमोर येत असेल, तर प्लायवूडची चार इंची पट्टी कापून त्याच्या पुढे ठोका. डोळ्यांत थेट उजेड गेला की बाहुली आकसते आणि टेबलावरचं आणखी कमी दिसतं. दुकानात प्लायचे तुकडे पडलेलेच असतात, तेव्हा हा उपाय फुकटातला.

दिवसा तर सूर्यच सगळ्यात स्वस्त. उत्तरेकडच्या खिडकीतून ऊन थेट येत नाही, उजेड एकसारखा राहतो, म्हणून चित्रकारांपासून सुतारांपर्यंत सगळे ती पसंत करतात. माहूर मात्र कर्कवृत्ताच्या खाली आहे. त्यामुळे मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, आणि तेवढे दिवस उत्तरेची खिडकीही थोडी चमकते. छपरात एखादा पारदर्शक पत्रा आणि भिंतींना चुना, एवढ्यानं दुपारी दिवा लागायचाच नाही. डिसेंबरात मात्र पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि गिऱ्हाइकाला तर दार उद्याच हवं असतं.

फिरतं पातं थांबलेलं का दिसतं?

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. त्यामुळे चोकवाल्या जुन्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा वरखाली होतो. डोळ्याला ते कळत नाही, पण फिरत्या पात्यावर त्याची गंमत दिसते, आणि ती गंमत महागात पडू शकते. समजा ४० दात्यांचं पातं मिनिटाला ३,००० फेरे घेतंय. म्हणजे सेकंदाला ५०. उजेडाच्या दोन झोतांमध्ये पातं बरोबर अर्धा फेरा फिरतं आणि प्रत्येक दाता दुसऱ्या दात्याच्या जागी येऊन बसतो. डोळ्याला वाटतं, दाते जागचे हललेच नाहीत. वेग थोडा कमी-जास्त असेल तर पातं सावकाश पुढे किंवा उलटं फिरताना दिसतं. ट्यूब मध्ये पूर्ण विझत नाही, त्यामुळे पातं अगदी स्थिर दिसेलच असं नाही. पण शेजारी दुसरं मशीन चालू आहे, आवाजावरून काही कळत नाही आणि पातं मंदावल्यासारखं वाटतंय, अशा वेळी हात पुढे जायला किती वेळ लागतो?

मोठ्या कारखान्यांत शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडून हा दोष कमी करतात. सिंगल फेजच्या दुकानात ते जमत नाही. चांगल्या ड्रायव्हरची एलईडी घेणं हाच तिथला मार्ग. स्वस्तातल्या काही एलईडीही अशाच लुकलुकतात. त्यांची परीक्षा दुकानातच करता येते. दिव्याखाली पेन्सिल झपाझप हलवा. ती सलग पुसट पट्ट्यासारखी दिसली तर ठीक. पंख्याच्या पात्यांसारख्या सुट्या-सुट्या पेन्सिली दिसल्या तर तो दिवा मशीनवर नको. मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिव्यावर काळे पट्टे सरकताना दिसणं हीदेखील धोक्याची खूण.

सागाचा रंग आणि गिऱ्हाइकाची तक्रार

"दुकानात वेगळा दिसत होता, घरी आणल्यावर वेगळाच निघाला." पॉलिशबद्दलची ही तक्रार नेहमीची, आणि दरवेळी सुताराची चूक असतेच असं नाही. ताजा कापलेला साग काही ठिकाणी हिरवट-मळकट दिसतो आणि उजेडात हळूहळू सोनेरी होत जातो. त्यात दिवा खराब असेल तर रंगाचा अंदाज आणखी चुकतो. एलईडीच्या खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो. दिवा रंग किती खरे दाखवतो ते त्यावरून कळतं, आणि कमाल १०० असते. साधे दिवे ८० च्या आसपास, चांगले ९० च्या वर. मात्र नेहमीचा सीआरआय आठ फिकट रंगांवरून काढतात, गडद लाल त्यात धरतच नाहीत. लालसर झाकेच्या लाकडाला नेमका तोच लागतो. म्हणून पॉलिशच्या जागेपुरता ९० च्या वरचा एक दिवा घ्यावा, आणि रंग पक्का करण्याआधी तुकडा शटरबाहेर नेऊन दिवसाच्या उजेडात पाहावा.

घासकाम तपासायची पद्धत मात्र अगदी उलटी. इथे सावलीच हवी असते. दिवा फळीच्या कडेला, जवळजवळ फळीच्या पातळीत आडवा धरला की रंध्याच्या लाटा, पॉलिश पेपरचे ओरखडे, सुकलेल्या फेविकॉलचे डाग सगळे उठून दिसतात. वरून पडणाऱ्या उजेडात तीच फळी आरशासारखी वाटते. फर्निचर विकत घेणाऱ्यानंही दुकानात मोबाइलचा टॉर्च असा आडवा लावून पाहावा. विकणाऱ्याचा चेहरा जरा बदलेल, पण माल कळेल.

लाइट गेल्यावर काय?

लाइट जाते तेव्हा दिवा आणि मशीन एकदमच बंद होतात, पण पातं त्याच्या वेगानं आणखी काही सेकंद फिरत राहतं. अंधार, हातात फळी आणि समोर फिरतं पातं. म्हणून मशीनच्या वर एक तरी आत बॅटरी असलेला बल्ब असावा. लाइट गेल्या क्षणी तो आपोआप पेटतो आणि निदान हात मागे घेण्यापुरता उजेड देतो. त्यानंतर पहिलं काम म्हणजे मशीनचं बटण बंद करणं, नाहीतर लाइट परत आल्यावर ते आपणहून सुरू होतं.

वायरिंगही बघून घ्यावं. बारीक भुसा होल्डरमध्ये, जोडात, एक्स्टेन्शन बोर्डात जाऊन बसतो. सैल जोड तापला की तोच भुसा धुमसू लागतो. ५०० वॅटचा हॅलोजन अजून कुठे वापरात असेल तर तो आधी काढा. त्याची काच भाजून काढते, आणि आठ तासांत चार युनिट जळतात. २० वॅटच्या दोन ट्यूबना तेवढ्याच वेळात ०.३२ युनिट लागतं. खोक्यावर आयपी ६५ लिहिलेला दिवा घेतला तर धूळ आत शिरत नाही. दिव्याच्या लाइनला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा, आणि दिव्यांची लाइन मशीनच्या लाइनपेक्षा वेगळी ठेवावी, म्हणजे मशीनचा फ्यूज उडाला तरी दिवे चालू राहतात.

राहिला ट्यूबवर बसणारा भुसा. पंधरा दिवसांतून एकदा, बटण बंद करून, कोरड्या फडक्यानं ती पुसून घ्यावी.