पेशंट कोण, मासा की पाणी?

मासा कण्हत नाही, खोकत नाही. "कुठं दुखतंय रे तुला?" असं विचारलं तर नेहमीसारखंच तोंड उघडतो आणि मिटतो. म्हणजे घरात मासे पाळायचे असतील, तर थोडं डॉक्टर आणि बरंचसं गुप्तहेर व्हावं लागतं.

चला, एक केस घेऊ. वाशिम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यात आसेगाव आहे. समजा, तिथल्या एका घरी काचेची नवी टाकी आली. पाणी वीस लिटर, तळाला निळे खडे, दोन गोल्डफिश आणि चार गप्पी. गप्पी तुमच्या ओळखीचेच. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' असं भिंतीवर रंगवलेलं तुम्ही वाचलं असेल. डासांच्या अळ्या मटकावणारे हेच ते. पहिले काही दिवस धमाल. मग एका सकाळी बघतो तर सगळे मासे पाण्याच्या वरच्या थराला, तोंडं वासून! आजी म्हणते, नजर लागली. दादा म्हणतो, दुकानातून औषध आणतो.

थांबा. औषध नको. आधी एकच प्रश्न विचारा: आजारी किती जण आहेत, आणि कधीपासून? सगळे एकदम आजारी पडले, तर पेशंट मासा नाही, पाणी आहे. एकच मासा मलूल असेल, तर भानगड त्या माशाची. आणि आज एक, परवा दोन, नंतर चार असं वाढत गेलं, तर समजा साथ आलीय. या एका प्रश्नानं निम्मी केस सुटते.

आपले सगळे एकदम पडलेत. मग पाण्याची चौकशी करू.

पहिला संशयित नळ. गावच्या टाकीत जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतात. त्यातल्या क्लोरीनमुळं पाण्यातले रोगजंतू मरतात, आपल्याला ते हवंच. पण माशाचे कल्ले म्हणजे पातळ, नाजूक त्वचेच्या झालरी. लिटरमागं 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन आपल्याला कळतही नाही, त्या झालरींना मात्र ते भाजतं. म्हणून नळाचं पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवायचं, क्लोरीन हवेत उडून जातो. खात्री करायची तर जलसुरक्षकांना ओटी टेस्ट दाखवायला सांगा. नळीतल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकतात, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. बादलीतल्या शिळ्या पाण्याचीही टेस्ट करून बघा. मजा येते.

दुसरा संशयित जास्त बेरकी आहे, कारण तो दिसत नाही. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. नदी-तलावात आणि जुन्या टाकीत काही जीवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानानं निरुपद्रवी. शेतात युरिया टाकल्यावर काळ्या मातीत अशाच जीवाणूंची फौज कामाला लागते, तेव्हा कुठे पिकाला नायट्रेट मिळतं. पण आपली टाकी नवी कोरी! तिथं ही फौज जमायला महिना-दीड महिना लागतो. तोवर अमोनिया साचत राहतो. त्यात बोअरचं पाणी असेल तर आणखी पंचाईत. माती परीक्षणाच्या कागदावर 'सामू' असतो ना, तसा पाण्यालाही असतो. सामू 7 वरून 8 वर गेला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग साधारण दहापट होतो. विदर्भातल्या बोअरचं पाणी बरेचदा 7 च्या वरच असतं.

आणि इथं मला मोठ्या माणसांची तक्रार करायचीय. येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा टाकीत चिमूटभर खाणं टाकतो. बिचारे उपाशी दिसतात म्हणे! मुंबईत मलबार हिलवर बाणगंगा तलाव आहे. पितृपक्षात तिथल्या पाण्यात खाद्यपदार्थ सोडले जातात, ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि सर्वपित्री अमावास्येनंतर मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या अनेकदा येतात. एवढ्या तलावाची ही गत, तर वीस लिटरची काय कथा?

ऑक्सिजनचा विषय निघालाच आहे, तर हे ऐका. एक लिटर हवेत सुमारे 270 मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. 20 अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात जेमतेम 9, आणि 35 अंशांना 7. मे महिन्यात पाणी तापतं, ऑक्सिजन घटतो आणि नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढते. त्यात लाइट गेली की पंपही बंद. मासे वर येऊन तोंडं वासतात ते म्हणूनच.

आसेगावच्या आपल्या काल्पनिक टाकीला काय करायचं? खाणं एक-दोन दिवस बंद, पाव हिस्सा पाणी काढून बादलीतलं शिळं पाणी घालायचं, पंप चालू ठेवायचा. सगळी टाकी साबणानं घासायचा मोह आवरा. जमू लागलेली जीवाणूंची फौज त्यात वाहून जाते.

आता खरी साथ. थंडी पडली, रात्री पाणी गार झालं, त्यातच नवा मासा पिशवीतून आला, आणि काही दिवसांनी पंखांवर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके दिसू लागले. मासे खड्यांवर अंग घासतात. दुकानदार याला 'व्हाइट स्पॉट' म्हणतात. प्रत्येक ठिपक्यात एक परजीवी, एकपेशीय जीव, माशाच्या त्वचेखाली आरामात जेवत बसलेला असतो. गंमत पुढं आहे. एके दिवशी ठिपके गायब! सगळे खूश, औषध बंद. प्रत्यक्षात तो जीव पोट भरल्यावर माशावरून उतरलेला असतो. खड्यांना चिकटून, स्वतःभोवती कवच करून तो आत विभागत जातो आणि त्यातून शेकडो पिल्लं पोहत निघतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा गाठावाच लागतो, नाहीतर ती मरतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. त्वचेखाली आणि कवचाच्या आत ते पोचत नाही. म्हणून ठिपके गेल्यावरही औषध चालू ठेवायचं, आणि नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवायचा.

जखमेवर सरकीच्या कापसासारखं काही उगवलं, तर ती बुरशी. पंखांच्या कडा झिजून चिंध्या झाल्या, तर बहुधा पाणी घाण आहे आणि जीवाणूंनी संधी साधलीय.

काही लक्षणं मात्र साफ फसवी असतात. फायटर मासा अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतो. तो आजारी नसतो, त्याच्या डोक्यात हवेतून श्वास घेण्यासाठी खास अवयव असतो. आणि गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर, छातीजवळच्या पंखांच्या पुढच्या काडीवर ओळीनं पांढरे दाणे आले, मासा मस्त खातोय-पितोय, तर औषधाची बाटली खाली ठेवा. तो नर आहे, प्रजननाचा हंगाम आलाय. रोहूचंही थोडंफार असंच. मत्स्यबीज केंद्रात पावसाळ्यात त्याच्या छातीच्या पंखावर बोट फिरवतात. खरखरीत लागलं की नर.