ॲपर्चर आणि काकांची होडी

हॉस्टेलमध्ये कुणाच्या हाती चांगला कॅमेरा आला की पब्लिकची पहिली फर्माईश ठरलेली - "मागचं सगळं ब्लर कर ना यार!" चेहरा एकदम शार्प आणि पाठीमागे नुसते रंगांचे गोळे. फोटो प्रोफेशनल वाटतो, हे खरंच. पण हा ब्लर येतो कुठून, आणि तो दर वेळी हवाच असतो का? उदाहरणासाठी चला दाभोळला.

दाभोळ म्हटलं की बहुतेकांना एन्रॉन आठवतं. खरं तर तो वीज प्रकल्प दाभोळ गावात नाहीच. तो वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरकडे आहे. अलीकडे, दापोली तालुक्यात, आहे ते जुनं बंदर. होड्या, जाळी, एक घुमट आणि चार मिनारांची आदिलशाही वळणाची मशीद, आणि २००३ पासून गाड्यांसकट माणसांना धोपाव्याला पोचवणारी फेरीबोट.

तिथे धक्क्यावर फाटलेलं जाळं शिवत बसलेल्या एका काकांचा फोटो माझ्या रूममेटने काढला. लेन्स ५० मिमी, ॲपर्चर एफ/२, अंतर तीनेक मीटर. काकांनी स्क्रीनवर पाहिलं आणि म्हणाले, "चांगला आलाय. पण माझी होडी कुठाय रे यात?" होडी त्यांच्या मागेच, दहा-बारा मीटरवर होती. फोटोत तिचा निळा डाग झाला होता.

आता थोडं फिजिक्स. वस्तूच्या एका बिंदूपासून निघालेले किरण लेन्सच्या अख्ख्या भोकातून आत येतात आणि शंकूसारखे निमुळते होत पुन्हा एका बिंदूत मिळतात. हा बिंदू बरोबर सेन्सरवर पडला तर वस्तू शार्प. होडीचा बिंदू सेन्सरच्या थोडा अलीकडेच जुळतो, म्हणून सेन्सरवर पोचेपर्यंत त्याची चकती होते. भोक मोठं तर शंकू रुंद, चकती मोठी. भोक लहान तर शंकू बारीक, आणि चकती इतकी छोटी की डोळ्याला ती बिंदूच वाटते. चष्मेवाल्यांनी करून बघा: चष्मा काढा, कार्डपेपरला टाचणीने भोक पाडा आणि त्यातून लांबचा नोटीस बोर्ड बघा. अक्षरं बऱ्यापैकी सुधारतात. आपण डोळे बारीक करून बघतो त्यामागेही हेच आहे.

एफ नंबर म्हणजे फोकल लेन्थ भागिले भोकाचा व्यास. म्हणून नंबर मोठा तर भोक लहान (इथेच सगळे गोंधळतात). ५० मिमी लेन्सला एफ/२ म्हणजे २५ मिमीचं भोक, एफ/१६ म्हणजे जेमतेम ३ मिमीचं. आपल्या नेहमीच्या एपीएस-सी सेन्सरवर ०.०२ मिमीपर्यंतची चकती 'शार्प' धरली, तर तीन मीटरवर फोकस करून एफ/२ ला फक्त २९ सेंटीमीटरची पट्टी शार्प येते. काका आले, होडी गेली! एफ/१६ ला ही पट्टी साधारण २.२ ते ४.९ मीटर होते. तरीही होडी बाहेरच.

मग लेन्स बदलायची. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी साधी १८-५५ ची लेन्स १८ वर ठेवा, एफ/११ करा, काकांच्या दीड मीटर जवळ जा आणि त्यांच्यावरच फोकस करा. पाऊण मीटरपासून थेट अनंतापर्यंत सगळं शार्प! जाळ्याची गाठ, काका, होडी, पलीकडचा किनारा... सगळं. दुसरा फोटो असाच काढला. पहिल्या फोटोतला माणूस मुंबईच्या ससून डॉकवरचाही असू शकतो, दुसऱ्यातला दाभोळचाच आहे. मला विचाराल तर दुसराच मॅगझीनमध्ये छापावा.

अर्थात, हे फुकट मिळत नाही. एफ/२ वरून एफ/१६ वर गेलं की प्रकाश ६४ पटींनी घटतो. संध्याकाळी एफ/२ ला शटर १/५०० असेल तर एफ/१६ ला ते १/८ वर येतं. धक्क्यावर ट्रायपॉड लावता येतो. फेरीबोटीवर मात्र लाटा आणि इंजिनची थरथर ट्रायपॉडलाही लागते, मग सगळंच हलतं. तिथे आयएसओ वाढवून थोडा ग्रेन सोसायचा, नाहीतर भोक उघडून मागच्या मशिदीवर पाणी सोडायचं. आणि एफ/२२ वर जाऊ नका. भोक फार लहान झालं की डिफ्रॅक्शनमुळे प्रत्येक बिंदू पुन्हा पसरतो. एफ/२२ ला ही चकती ०.०३ मिमीच्या आसपास जाते, म्हणजे आपली ०.०२ ची मर्यादा ओलांडलीच.

मोबाइलचं गणित उलटं. त्याची खरी फोकल लेन्थ पाच-सहा मिमी, म्हणजे एफ/१.८ लिहिलेलं असलं तरी भोक ३ मिमीच. त्यामुळे काका आणि होडी दोघंही सहसा बऱ्यापैकी शार्प येतात. पोर्ट्रेट मोडचा ब्लर लेन्सचा नसून सॉफ्टवेअरचा असतो. माणसाची कड तो बहुतेक वेळा बरोबर ओळखतो, पण जाळ्याच्या भोकांमधून मागचं दिसत असेल तर बऱ्याचदा गडबडतो. काही भोकं शार्प, काही ब्लर!