स्तनाचा कर्करोग : शस्त्रक्रिया आणि पुनर्रचना समजून घेताना

तथागत भगवान बुद्धांनी दुःखाचे अस्तित्व मान्य केले, त्याचे कारण शोधण्यास सांगितले आणि ते दूर करण्याचा मार्गही दाखविला. आजारपणाकडे पाहण्याची आपली दृष्टी हीच असावयास हवी. संयुत्त निकायात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाची कथा आहे. माणूस जे सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्माचेच फळ आहे, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. आपले मत काय, असे तो बुद्धांना विचारतो. बुद्ध ते मत अमान्य करतात. पित्त, कफ, वात, ऋतूतील बदल, शरीराची हयगय, आघात अशी अनेक कारणे ते मोजून सांगतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला आहे.

असे असूनही आपल्या घरातील एखाद्या स्त्रीच्या स्तनात गाठ निघाली, की "हिने कोणाचे काय वाईट केले होते?" असा प्रश्न अजूनही ऐकू येतो. त्या प्रश्नापायी ती भगिनी गप्प बसते आणि गाठ वाढत राहते. म्हणून या रोगाची, त्यावरील शस्त्रक्रियेची आणि त्यानंतरच्या पुनर्रचनेची माहिती साध्या भाषेत देण्याचा हा प्रयत्न आहे.

गाठ आढळल्यावर

भारतातील स्त्रियांमध्ये आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग हा स्तनाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. 'दुखत नाही, म्हणजे काही नाही' ही समजूत त्यामुळेच घातक ठरते. दुसऱ्या बाजूने, प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. बहुतेक गाठी साध्या असतात. हे ठरते ते तपासणीने. डॉक्टर हाताने तपासतात, मॅमोग्राफी व सोनोग्राफी करतात आणि जाड सुईने गाठीचा लहानसा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवितात. सुई लावल्याने रोग पसरतो, ही भीती निराधार आहे.

लवकर तपासणीने काय साधते, याचा पुरावा आपल्या मुंबईतच आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनांची तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या स्त्रियांमध्ये रोग आधीच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. यासाठी महागडे यंत्र लागले नाही. शिकविलेला हात लागला.

स्तन काढावाच लागतो काय?

कर्करोग म्हटला की स्तन काढणारच, असे आपण धरून चालतो. या समजुतीला इतिहास आहे. अमेरिकेतील शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संपूर्ण स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी असे सर्व काढण्याची पद्धत रूढ केली. सुमारे पाऊणशे वर्षे जगभर तीच चालली. पुढे इटलीत वेरोनेसी व अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी शेकडो स्त्रियांवर तुलनात्मक अभ्यास केले. २००२ मध्ये त्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुरुवातीच्या अवस्थेत केवळ गाठ व तिच्या भोवतीचा थोडा भाग काढून नंतर किरणोपचार दिले, तरी आयुर्मान संपूर्ण स्तन काढल्याइतकेच राहते, हे त्यातून सिद्ध झाले.

तरीही काही वेळा संपूर्ण स्तन काढणेच योग्य ठरते. एकाच स्तनात अनेक ठिकाणी रोग असणे, स्तनाच्या मानाने गाठ मोठी असणे, पूर्वी छातीवर किरणोपचार झालेले असणे किंवा आनुवंशिक दोषामुळे पुन्हा रोग होण्याचा धोका मोठा असणे, ही त्याची कारणे होत. आपल्याकडे आणखी एक कारण असते, ते परिस्थितीचे. किरणोपचारासाठी तीन ते पाच आठवडे रोज रुग्णालयात जावे लागते. ज्या भगिनीचे गाव यंत्रापासून दूर आहे व शहरात राहण्याची सोय नाही, ती स्तन काढण्याचा निर्णय घेते. अशा वेळी शहरातील एखाद्या घराने महिनाभर आसरा दिला, तर तिच्यापुढे दुसरा पर्याय उभा राहतो. मात्र स्तन काढल्यावरही काही रुग्णांना किरणोपचार घ्यावे लागतात, हेही आधीच विचारून घ्यावे.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते. आज छातीचा स्नायू सहसा काढत नाहीत. सुरुवातीच्या अवस्थेत काखेतील पहिल्या एक-दोन गाठी शोधून तपासल्या जातात. त्यांत रोग नसेल तर बाकीच्या तशाच ठेवता येतात. जखमेतील पाणी बाहेर पडावे म्हणून एक-दोन नळ्या बसवितात व त्या काही दिवसांनी काढतात. हात आखडू नये म्हणून सांगितलेले व्यायाम नेमाने करावेत. काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येण्याचा संभव असतो. तो हात भाजणे, कापणे यांपासून जपावा.

पुनर्रचना म्हणजे काय?

काढलेल्या स्तनाच्या जागी प्लास्टिक सर्जन नवा आकार घडवितात, त्यास पुनर्रचना म्हणतात. ती त्याच शस्त्रक्रियेत करता येते किंवा उपचार संपल्यावर काही महिन्यांनी, वर्षांनीही करता येते. दोन मुख्य पद्धती आहेत.

पहिली पद्धत सिलिकॉनच्या पिशवीची. ही पिशवी प्रथम १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन येथे वापरण्यात आली. कातडी अपुरी असेल तर आधी एक रिकामी पिशवी बसवून तीत काही आठवडे थोडे थोडे मिठाचे पाणी भरतात व कातडी ताणली की कायमची पिशवी घालतात. ही शस्त्रक्रिया तुलनेने लहान असते. पण पिशवी जन्मभर टिकेलच असे नाही आणि किरणोपचारांमुळे तिच्याभोवतीचा भाग कठीण होण्याचा संभव वाढतो.

दुसरी पद्धत स्वतःच्या शरीराची. पाठीचा स्नायू किंवा पोटाची कातडी व चरबी छातीवर आणून स्तन घडवितात. शस्त्रक्रिया अनेक तास चालते, पाठीवर वा पोटावर नवा व्रण राहतो, पण स्पर्शाला व दिसण्याला हा स्तन अधिक नैसर्गिक असतो. यातील मर्म एकच, ते म्हणजे हलविलेल्या भागाचा रक्तपुरवठा चालू राहिला पाहिजे.

हे तत्त्व आपल्या मातीला नवे नाही. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेचे वर्णन छापून आले. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला कपाळाच्या कातडीचे नवे नाक करून देण्यात आले होते. कातडी एका बाजूने जोडलेली ठेवल्यामुळे ती जिवंत राहिली. हे करणारा माणूस विटा पाडणाऱ्या जातीतील होता, असे त्या वृत्तातच नमूद आहे. पुढे १८१४ मध्ये कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया केली. ज्यांना अक्षरओळख नाकारली गेली, त्यांच्या हातांतील ज्ञानाची ही साक्ष विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी.

पुनर्रचनेच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. नव्या स्तनाला पूर्वीसारखी संवेदना नसते. तंबाखू वा मिश्रीची सवय असेल तर रक्तवाहिन्या आकसतात व जखम भरत नाही. म्हणून ती शस्त्रक्रियेच्या पुष्कळ आधी सोडावी. मधुमेहही ताब्यात हवा. पुनर्रचना केल्याने रोग परत येण्याचे प्रमाण वाढत नाही. आणि ती करणे सक्तीचेही नाही. ब्लाउजच्या आत ठेवण्याचा सिलिकॉनचा किंवा सुताचा कृत्रिम स्तन वापरता येतो. काहीही न वापरता सपाट छातीने वावरणाऱ्या भगिनीचा निर्णयही तितकाच सन्मानाचा आहे.

खर्चाची बाजू

बँकेत काम करताना उपचारांसाठी मुदत ठेवी मोडणारी, सोने तारण ठेवणारी माणसे रोज दिसतात. त्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना व आयुष्मान भारत योजनेत प्रति कुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात व त्यांत कर्करोगाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. पुनर्रचनेचा खर्च त्यात बसतो की नाही, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वीच विचारावे. ज्यांची खाजगी विमा पॉलिसी आहे, त्यांना कधी "ही सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आहे" असे सांगून टोलविले जाते. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या शब्दरचनेत सौंदर्यशस्त्रक्रिया वगळली आहे, परंतु अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना त्या वगळण्यातून बाहेर ठेवली आहे. पॉलिसीतील हे कलम दाखवून लेखी उत्तर मागावे.

निर्णय कोणाचा?

डॉक्टरांच्या खोलीत बहुधा मुलगा वा पती बोलतो, दीर फाइल सांभाळतो आणि जिच्या शरीराबद्दल बोलणे चालले आहे ती आई, वहिनी बाहेरच्या बाकावर बसलेली असते. "या वयात तिला काय करायचे आहे?" असे कोणीतरी परस्पर ठरवून टाकतो. स्वतःच्या मुलींना शिकविणाऱ्या समाजाला हे शोभत नाही. रोग सुरुवातीच्या अवस्थेत असताना त्याच दिवशी सही करण्याची सहसा गरज नसते. एक-दोन आठवडे विचाराला, दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यायला मिळतात. महिने मात्र दवडू नयेत. तिला आत बसवावे. स्तन राखता येईल का, पुनर्रचना आता करावी की नंतर, पुढे किरणोपचार वा केमोथेरपी लागेल का, हे प्रश्न तिने स्वतः विचारावेत. शिकलेल्या मुलीने ते वहीत लिहून न्यावेत व उत्तरेही लिहून घ्यावीत.

अतिसाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूला बुद्धांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी आंघोळ घातली व आजाऱ्याची सेवा ही आपलीच सेवा असल्याचे संघाला सांगितले, हे आपण जाणतो. आपल्या महिला मंडळाने वर्षातून एकदा विहारात परिचारिकेला बोलावून स्तनतपासणी ठेवावी, उपचार घेणाऱ्या भगिनीसोबत रुग्णालयात जाण्यासाठी पाळी लावावी आणि बाहेरगावच्या रुग्णासाठी एखादी खोली मिळवून द्यावी. करुणा आचरणात आणण्याचा हा मार्ग आपल्या आवाक्यातला आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!