धसका, स्तंभ आणि ग्लानी : हल्ल्यातून वाचलेल्या कोंबडीची शुश्रूषा

इंदापूर तालुक्यातील सणसर हे गाव बारामती-इंदापूर मार्गाच्या परिसरात, नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात वसलेले आहे. भवानीनगर येथील श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना गावाच्या निकट असल्याने भोवताली उसाचे फड दूरवर पसरलेले दिसतात. या भागातील वाड्यावस्त्यांवर घरामागे पाचदहा कोंबड्या बाळगण्याचा प्रघात आहे, आणि त्यांची निगा व अंड्यांची विक्री बहुधा घरातील स्त्रियांकडे असते. ज्या उसाने या भूभागास सुबत्ता दिली, त्याच उसात रानमांजर, मुंगूस व कोल्हा यांना आडोसा मिळतो. फडास तोड लागली की हा आडोसा नाहीसा होतो आणि ही जनावरे वस्तीच्या कडेस येतात. मोकाट कुत्र्यांचा उपद्रव तर बारमाही असतो. हल्ल्यात ज्या कोंबड्या मरतात त्यांच्याविषयी करण्यासारखे काही उरत नाही. जी कोंबडी जिवंत सापडते तिचे काय करावे, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात शिरावे याचे कारण शब्दांतच आहे. अशा कोंबडीविषयी ‘तिने धसका घेतला’ असे म्हणण्याची रीत आहे, आणि अलीकडे ‘तिला शॉक बसला’ असेही म्हटले जाते. परंतु ‘शॉक’ हा शब्द मराठीत विजेच्या धक्क्यास, दुःखद वार्तेच्या परिणामास आणि वैद्यकातील एका घातक अवस्थेस सारखाच लावला जातो. एकच शब्द वापरला म्हणजे एकच उपाय सुचतो. वास्तविक हल्ल्यातून वाचलेल्या कोंबडीत तीन अवस्था संभवतात. त्यांची कारणे निराळी आहेत व उपायही निराळे आहेत. भरताच्या नाट्यशास्त्रातील सात्त्विक भावांत ‘स्तंभ’ आणि व्यभिचारी भावांत ‘ग्लानी’ हे दोन शब्द आहेत. ते उसने घेऊन आपल्या ‘धसका’ या शब्दाशेजारी ठेवले, तर या तीन अवस्था वेगळ्या करता येतात. शरीर भयाने निश्चल होणे तो स्तंभ, रक्ताभिसरण मंदावून प्राणशक्ती ओसरणे ती ग्लानी, आणि शरीर सावरल्यावरही मनात टिकून राहणारी भीती तो धसका, अशी व्यवस्था येथे केली आहे.

प्रथम स्तंभाचा विचार करू. शत्रूच्या तावडीत सापडलेला पक्षी काही क्षण धडपडतो आणि मग एकाएकी लाकडासारखा पडून राहतो. १६४६ साली आथानासिउस किर्खर या जर्मन जेझुइट पंडिताने रोममध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक प्रयोग वर्णिला आहे. कोंबडीचे पाय बांधून तिला जमिनीवर ठेवावे, तिच्या चोचीपुढे खडूची रेघ ओढावी आणि मग पाय सोडावेत. तरीही ती हलत नाही. रेघेचा या निश्चलतेशी काही संबंध नाही, दाबून धरण्याने उपजलेले भय पुरेसे असते, हे पुढील अभ्यासकांनी दाखविले. ही भीतीची उपजत प्रतिक्रिया होय. निश्चल भक्ष्यावरील पकड ढिली पडते आणि पक्ष्यास निसटण्याची संधी मिळते. ही अवस्था काही सेकंदांपासून कित्येक मिनिटांपर्यंत टिकते.

व्यवहारात याचे महत्त्व असे की, स्तंभातील कोंबडी मेली म्हणून टाकली जाते, किंवा ‘नाही तरी मरणारच’ म्हणून तिच्यावर सुरी चालविली जाते. तसे करण्यापूर्वी तिच्या पोटाची हालचाल पाहावी आणि डोळ्याच्या कोपऱ्याजवळ हलकेच बोट लावावे. आतील पातळ पापणी सरकली तर ती जिवंत आहे. या अवस्थेस औषध नाही, व ते लागतही नाही. तिला हलवू नये, तिच्यावर पाणी शिंपडू नये, मुलांच्या हातांतून फिरवू नये. आपल्या भाषेत ‘कोंबडी डालणे’ असे स्वतंत्र क्रियापदच आहे. वाहत्या जखमेवर स्वच्छ फडके दाबून रक्त थांबवावे, आणि मग कामट्यांचे डालगे तिच्यावर पालथे घालून वर गोणपाट टाकावे. अंधार, शांतता आणि बंदिस्त जागा या तीन गोष्टी त्याने एकदम साधतात. साधारण अर्ध्या तासाने डालगे हळूच उचलून पाहावे. केवळ स्तंभ असेल तर कोंबडी उभी राहिलेली आढळते.

ती उभी राहिली नाही, तर ग्लानीचा संशय घ्यावा. रक्तस्राव, आतील दुखापत किंवा तीव्र वेदना यांमुळे रक्ताभिसरण मंदावते. तुरा फिकट पडतो, पाय गार लागतात, मान खाली जाते, डोळे अर्धवट मिटतात आणि श्वास जलद व उथळ होतो. निरोगी कोंबडीच्या शरीराचे उष्णतामान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्यापेक्षा पुष्कळ अधिक असते. पिसे उपटली गेलेली कोंबडी ही ऊब झपाट्याने गमावते. म्हणून येथे पहिला उपचार उबेचा. खोक्यात भाताचा पेंढा किंवा जुने कापड अंथरावे आणि खोक्याच्या एकाच टोकास ४० वॉटचा बल्ब अथवा फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवावी, म्हणजे नकोसे झाल्यास तिला दूर सरकता येते. वैशाखातील दुपारी मात्र उबेऐवजी सावली व वारा हवा. चोच उघडी टाकून व पंख अंगापासून दूर धरून ती धापा टाकू लागली, तर उष्णता फाजील झाली असे समजावे.

पाणी देताना विशेष सावधगिरी बाळगावी. पक्ष्यांच्या श्वासनलिकेचे द्वार जिभेच्या लगेच मागे, तोंडाच्या तळाशी असते. म्हणून चोच उघडून पाणी ओतणे म्हणजे ते फुप्फुसांत घालणेच होय. चोचीचे केवळ टोक पाण्यात बुडवावे. गिळण्याची शक्ती असेल तर कोंबडी आपण होऊन पिते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातलेले पाणी पहिल्या दिवसापुरते देण्यास योग्य आहे. तसेच पक्ष्यास आपल्यासारखा श्वासपटल नसतो. तो उरोस्थी पुढेमागे हलवूनच श्वास घेतो. कोंबडीची छाती घट्ट आवळून धरली तर ती गुदमरते, ही गोष्ट माया करणाऱ्या हातांनीही ध्यानात ठेवावी.

यानंतर जखमा पाहाव्यात. पिसांखाली दातांची बारीक छिद्रे दिसत नाहीत. म्हणून पिसे उलटी फुंकून पाठ, मांड्या व पंखांखालील भाग तपासावा. माणसाने आधी हात साबणाने धुवावेत. अर्ध्या लिटरहून थोड्या अधिक उकळलेल्या कोमट पाण्यात एक सपाट चमचा मीठ घालून त्या पाण्याने जखम धुवावी. हळद, चुना किंवा राख आधीच भरली तर घाण आत कोंडली जाते. मांजराच्या तोंडात बहुधा असणारा पाश्चुरेला हा जंतू पक्ष्यांस विशेष घातक आहे, म्हणून रानमांजराने धरलेल्या कोंबडीची जखम लहान दिसली तरी तिला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. उरावर वा पाठीवर कातडीखाली हवा भरून फुगवटा आला असेल, तर वायुकोश फाटल्याचा संभव असतो. तेथेही घरगुती उपाय चालत नाहीत. माशा उघड्या जखमेवर अंडी घालतात व त्यांतून बहुधा एका दिवसाच्या आत अळ्या निघतात. म्हणून जखमी कोंबडी मच्छरदाणीच्या जाळीआड ठेवावी. माणसांची वेदनाशामके तिला देऊ नयेत. पशुवैद्याने प्रतिजैविक दिल्यास किती दिवस अंडी खाऊ नयेत हेही त्याला विचारावे. सोडवताना कुत्र्याने माणसासच चावले असेल, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ आरोग्य केंद्रात लस घ्यावी. कोंबडीचा विचार त्यानंतर.

आता उरला धसका. शरीर सावरले तरी कोंबडी कोपऱ्यात राहते, सावली हलली तरी बिचकते, दाणा टिपत नाही आणि अंडी देण्याचे थांबवते. भयाच्या वेळी शरीरात जे अंतःस्राव वाढतात ते अंडे बनण्याच्या क्रियेत व्यत्यय आणतात. त्यामुळे काही दिवस अंडे न येणे, अथवा पातळ कवचाचे वा खडबडीत अंडे येणे हे अनपेक्षित नाही. अशा कोंबडीस ‘खुडूक झाली’ म्हणणे चुकीचे ठरते. खुडूक कोंबडी अंड्यांची जागा सोडत नाही. धसका घेतलेली कोंबडी त्या जागेकडे फिरकत नाही. शेपटीची पिसे गेलेली पाहूनही घाबरू नये. शत्रूच्या तोंडात पिसे सोडून निसटणे ही पक्ष्यांची एक संरक्षक युक्ती आहे. मुळासकट निघालेली पिसे काही आठवड्यांत पुन्हा येतात, अर्धवट तुटलेली मात्र पुढील पिसगळीपर्यंत तशीच राहतात.

धसका उरला आहे की गेला, हे कोंबड्यांच्या आवाजांवरून ओळखता येते. निकोलस कॉलियास व मार्टिन जूस यांनी १९५३ साली कोंबड्यांच्या आवाजांचे ध्वनिलेखयंत्राने विश्लेषण प्रसिद्ध केले. यांपैकी जूस हे भाषाशास्त्रज्ञ होते. १९९३ साली ख्रिस्तोफर एव्हान्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, आकाशातील शत्रूकरिता व जमिनीवरील शत्रूकरिता कोंबड्यांचे इशारे भिन्न असतात आणि ऐकणारी कोंबडी शत्रू न पाहताही त्यानुसार वागते. घार दिसली की एक लांब आवाज होऊन कळप दबून बसतो. कुत्रे वा मुंगूस दिसले की मान उंच करून अखंड कलकलाट चालतो. हल्ल्यानंतर हा कलकलाट शांत होऊन कोंबडा दाणा दाखविताना काढतो तो मऊ, तुटक आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला आणि कोंबड्या त्याकडे धावू लागल्या, की कळप सावरला असे म्हणता येते. केवळ शांतता हे खुशालीचे लक्षण नव्हे.

धसक्यावरील उपाय म्हणजे नेहमीचा क्रम आणि नेहमीची सोबत. दाणा त्याच वेळी, त्याच हाताने टाकावा. जखमी कोंबडीस सर्वस्वी एकटी ठेवू नये. पण उघड्या जखमेसह कळपात सोडणेही धोक्याचे, कारण लाल रंग दिसताच इतर कोंबड्या तेथेच चोची मारतात. शिवाय कळपात कोणी कोणास टोचावे याची उतरंड असते. थोर्लाइफ शेल्डेरुप-एब्बे या नॉर्वेजियन संशोधकाने १९२० नंतरच्या वर्षांत तिचे वर्णन प्रसिद्ध केले. दीर्घकाळ दूर राहिलेल्या कोंबडीस परतल्यावर आपले स्थान पुन्हा झगडून मिळवावे लागते. या दोन्ही अडचणींवर डालगेच उपयोगी पडते. पहिल्या दिवसानंतर गोणपाट काढून ते कळपाजवळ ठेवले, म्हणजे कामट्यांतून ओळख टिकते आणि चोच मात्र पोचत नाही.

अखेरची गोष्ट खुराड्याची. हल्ला खुराड्यातच झाला असेल तर कोंबड्या संध्याकाळी आत जाण्याचे नाकारून शेवग्यावर वा बाभळीवर बसतात. हा हट्ट नव्हे, स्मरण आहे. आणि ते खरे ठरण्याचा संभव मोठा, कारण एकदा भक्ष्य मिळालेल्या ठिकाणी शत्रू पुन्हा येतो. मेलेल्या कोंबड्या खोल पुराव्यात. पातळ तारेची षटकोनी जाळी कुत्रे फाडते आणि मोठ्या छिद्रांतून मुंगूस शिरते. म्हणून अर्ध्या इंचाची जोडतारेची जाळी लावून ती जमिनीत एक फूट गाडावी, दारास खिटी बसवावी, आणि मगच काळोख पडल्यावर कोंबड्यांस एकेक करून आत ठेवावे.

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. स्तंभास विश्रांती हवी, ग्लानीस ऊब, पाणी व पशुवैद्य हवा, आणि धसक्यास काळ, सोबत व सुरक्षित खुराडे हवे. या तिन्हींस एकच नाव दिल्याने सावरू शकणारी कोंबडी कापली जाते आणि उपचारास पात्र असलेली ‘घाबरली आहे, होईल बरी’ म्हणून कोपऱ्यात मरते. पाचदहा कोंबड्यांवर मीठमिरचीचा खर्च भागविणाऱ्या घरात ही हानी लहान नसते.